मोठ्या क्रीडास्पर्धा पाहून सामान्य माणूस खरोखर खेळू लागतो का?

प्रश्न

नमस्कार. मी एका लहानशा क्रीडामंडळाच्या कार्यकारिणीत गेली चार वर्षे काम करते. मंडळाकडे बॅडमिंटनचे दोन कोर्ट आहेत, टेबल टेनिसची तीन टेबले आहेत आणि धावण्यासाठी मातीची एक पट्टी आहे. पुढच्या मोठ्या स्पर्धेच्या निमित्ताने मंडळाने काय करावे, यावरून गेल्या बैठकीत आमच्यात सरळ दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की, मोठा पडदा लावून महत्त्वाचे सामने सर्वांना एकत्र दाखवावेत, कारण ते पाहून लोकांच्या मनात खेळाची ओढ निर्माण होईल आणि नवे सभासद आपोआप येतील. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, तोच पैसा नवशिक्यांसाठी रॅकेट्स घेण्यात आणि एका अर्धवेळ प्रशिक्षकाच्या मानधनात घालावा. मी अजून कोणत्याच बाजूला मत दिलेले नाही.

मत न देण्याचे कारण माझ्या स्वतःच्या अनुभवात आहे. रिओ ऑलिंपिकमधील महिला बॅडमिंटनचा अंतिम सामना मी १९ ऑगस्ट २०१६ रोजी घरी बसून पाहिला होता. पी. व्ही. सिंधूने पहिला गेम २१-१९ असा घेतला, तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. पुढचे दोन गेम कॅरोलिना मारिनने २१-१२ आणि २१-१५ असे जिंकले, तरी त्या रात्री मला पराभवापेक्षा सिंधूच्या पायांची चपळाईच अधिक आठवत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून कॉलेजातली रॅकेट खाली काढली. तिच्या तारा तिसऱ्या फटक्याला तुटल्या, त्या मी नव्याने ओढून घेतल्या आणि जवळच्या एका क्लबात गेले. तिथे रोजचे चौघे दुहेरी खेळत होते. मी बाकावर चाळीस मिनिटे बसले, त्यानंतर त्यांनी मला सौजन्याने एक गेम खेळू दिला आणि मग पुन्हा आपापसात खेळू लागले. कोणी वावगे बोलले नाही, पण मी पुन्हा यावे असेही कोणाला वाटलेले दिसले नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते माझ्या बाबतीत अक्षरशः खरे ठरले. दहाव्या दिवशी मी गेले नाही. पुढे तीन वर्षांनी कार्यालयातली एक मैत्रीण हाताला धरून मला या मंडळात घेऊन आली, तेव्हापासून मात्र मी नियमित खेळते.

म्हणून माझा प्रश्न असा आहे की, त्या सामन्याने मला खेळायला लावले असे म्हणायचे, की मैत्रिणीने? आणि माझे सोडून दिले तरी, मोठ्या स्पर्धांमुळे सामान्य लोकांमध्ये खेळण्याचे प्रमाण वाढते, हे आयोजक नेहमी सांगतात, त्याला काही आधार आहे का?

उत्तर १ : सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारा एक वाचक

आपण विचारलेल्या प्रश्नाचा आधी दुसरा भाग घेतो, कारण त्याबद्दल बरीच नोंद उपलब्ध आहे.

वरच्या दर्जाचा खेळ पाहून खालची माणसे खेळू लागतात, ही कल्पना आधुनिक ऑलिंपिकइतकीच जुनी आहे. ऑलिंपिक चळवळीचे प्रवर्तक पियेर द कुबेर्तँ यांनी ती एका हिशेबाच्या रूपात मांडली होती : शंभर माणसांनी शरीर कमवावे असे वाटत असेल, तर पन्नासांनी खेळ खेळला पाहिजे; पन्नासांनी खेळायला हवे असेल, तर विसांनी त्यात विशेष प्रावीण्य मिळवले पाहिजे; आणि ते वीस घडायचे असतील, तर थक्क करणारे पराक्रम करू शकणारे पाच जण असले पाहिजेत. मांडणी आकर्षक आहे, परंतु ती निरीक्षणातून आलेली नसून श्रद्धेतून आलेली आहे, आणि पुढे शंभर वर्षे ती बहुतेकांनी न तपासता पुढे चालवली.

तिची सर्वांत मोठी परीक्षा लंडनच्या निमित्ताने झाली. ६ जुलै २००५ रोजी सिंगापूरमध्ये यजमानपदाचा निर्णय झाला, तेव्हा सेबास्टियन को यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळात पूर्व लंडनमधील तीस शाळकरी मुले होती आणि संपूर्ण दावाच मुळी असा होता की, या स्पर्धेमुळे जगभरातील तरुण खेळाकडे वळतील. २०१२ च्या त्या ऑलिंपिकचे घोषवाक्यही एका पिढीला प्रेरणा देण्याचेच होते. सरकारने वीस लाख लोकांना अधिक सक्रिय करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, पण स्पर्धा भरण्याआधीच, २०११ मध्ये, ते सोडून दिले. इंग्लंडमध्ये आठवड्यातून किमान एकदा खेळणाऱ्यांची गणना त्या काळात सातत्याने होत होती, त्यामुळे पुढे काय झाले ते दिसते : स्पर्धेच्या सुमारास आकडा वाढला, काही काळ तिथेच रेंगाळला आणि २०१५ च्या मध्यापर्यंत उतरू लागला. सर्वाधिक लोक ज्या खेळात भाग घेत, त्या पोहण्यातली घट तर विशेष ठळक होती. स्पर्धेनंतर सव्वा वर्षाने ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीने वारशाचा, म्हणजे स्पर्धेमागे काय टिकून राहिले याचा, आढावा घेतला, तेव्हा लोकांचा खेळातील सहभाग व्यापक प्रमाणात वाढल्याचा पुरावा समितीलाही फारसा आढळला नाही. आजवरच्या सर्वांत नियोजनबद्ध प्रयत्नाची ही स्थिती आहे.

लंडन हा अपवाद नाही. १९७८ ते २००८ या काळातील मोठ्या बहुक्रीडा स्पर्धांवरील अभ्यास एकत्र करून तपासणारा एक आढावा २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. यजमान शहरातील लोकांच्या आरोग्याला वा अर्थकारणाला अशा स्पर्धांचा लाभ होतो, हे सिद्ध करण्याइतका पुरावा त्याला सापडला नाही, आणि नाकारण्याइतकाही सापडला नाही. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नये. मोजणी कठीण आहे, कारण ज्या वर्षी स्पर्धा असते, त्याच वर्षी हवामान, मंदी, मैदानांचे शुल्क आणि सर्वेक्षणाची पद्धत यांतही बदल होत असतात.

तरीही एका बाबतीत अभ्यासकांचे बऱ्यापैकी एकमत आहे, आणि तुमच्या मंडळाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. मोठी स्पर्धा पाहून जे खेळू लागतात, त्यांतले बहुतेक आधीपासूनच खेळाच्या आसपास असतात. आठवड्यातून एकदा खेळणारा दोनदा खेळू लागतो, टेनिस खेळणारा बॅडमिंटन करून पाहतो, आणि ज्याने पूर्वी सोडले होते तो परत येतो. आपण स्वतः माळ्यावरून रॅकेट काढली, म्हणजे ती माळ्यावर होती. ज्याच्या घरात कधी रॅकेट आलीच नाही, त्याच्यावर त्याच सामन्याचा परिणाम बहुतेक वेळा टाळ्या वाजवण्यापुरताच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील अंदाजानुसार जगातील ३१ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे १८० कोटी माणसे, आरोग्यासाठी आवश्यक तेवढी हालचालही करत नाहीत. आठवड्याला मध्यम श्रमाची १५० मिनिटे, एवढीच ती किमान अपेक्षा आहे. खेळाच्या प्रसाराची खरी गरज ज्यांना आहे ती ही माणसे, आणि त्यांच्यापर्यंत पडदा पोहोचत नाही.

यामागचे कारण मला मानसिक अंतराचे वाटते. समोरचा खेळाडू जितका असामान्य, तितके पाहणाऱ्याला त्याच्याविषयी कौतुक अधिक आणि स्वतःविषयी आशा कमी वाटते. मी ही गोष्ट रुग्णांच्या बाबतीत अनेकदा पाहिली आहे. पन्नाशीच्या, गुडघे धरलेल्या माणसाला विश्वविजेत्याचे उदाहरण दिले की तो मान डोलावतो आणि घरी जाऊन काहीच करत नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस रोज वीस मिनिटे चालू लागला आहे असे सांगितले, की तो चपला शोधू लागतो.

उत्तर २ : एक मैदानी खेळांचा प्रशिक्षक

वरचे उत्तर अभ्यासपूर्ण आहे आणि त्यातील आकड्यांशी माझा वाद नाही, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला पूर्णपणे मान्य नाही. मी बावीस वर्षे मुलांना शिकवतो आहे, आणि मोठ्या स्पर्धेनंतर नवी मुले येतात हे मी माझ्या डोळ्यांनी दर खेपेस पाहिलेले आहे. देशाच्या सर्वेक्षणात जी लाट दिसत नाही, ती मैदानाच्या फाटकावर स्पष्ट दिसते. ती लाट टिकत नाही, हा दोष मात्र लाटेचा नाही, तो आमचा आहे. हे मी दुसऱ्या कोणाला उद्देशून म्हणत नाही. पुढचा प्रसंग माझ्याच मैदानावरचा आहे.

७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकला आणि सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने तो दिवस दरवर्षी भालाफेक दिन म्हणून पाळायचे ठरवले. त्याआधी माझ्याकडे भालाफेकीला नियमित येणारी मुले चार होती. सराव पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच रविवारी तीस मुले आली. काहींनी घरून काठ्या आणल्या होत्या, एकाने पडद्याचा दांडा आणला होता, आणि प्रत्येक जण फेकून झाल्यावर नीरजसारखे दोन्ही हात वर करत होता. मला इतका आनंद झाला होता की पुढे काय चुकते आहे हे माझ्या लक्षातच आले नाही.

माझ्याकडे भाले होते चार. भालाफेकीत सुरक्षिततेचा नियम असा की, सर्वांनी एकाच रेषेवरून फेकायचे, शेवटचा भाला जमिनीत रुतेपर्यंत कोणी पाऊल पुढे टाकायचे नाही, आणि मग सर्वांनी एकत्र चालत जाऊन भाले आणायचे. एका फेरीला साधारण दीड मिनिट लागते. चार-चारचे गट केले, की तीस मुलांच्या आठ फेऱ्या होतात, म्हणजे एका मुलाची पाळी दर बारा मिनिटांनी येते. एका तासात प्रत्येक मुलाने पाच वेळा भाला फेकला आणि उरलेली पन्नास-बावन्न मिनिटे ते रांगेत उभे राहिले. त्यातच भाले मोठ्यांचे होते. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा आणि महिलांचा ६०० ग्रॅमचा असतो. अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात तो दिला, तर तो टोकावर न पडता आडवा पडतो किंवा शेपटीकडून आपटतो. पाचपैकी पाच फेका आडव्या पडल्यावर ते मूल घरी काय सांगणार? पुढच्या रविवारी अकरा मुले आली. तिसऱ्या रविवारी पुन्हा माझी चारच होती.

मुलांची प्रेरणा कमी पडली, असे त्यावेळी मी सहज म्हणून गेलो असतो. बरेच प्रशिक्षक म्हणतात, आणि आरंभशूर हा शब्द तर आपल्या तोंडात तयारच असतो. पण तीस मुले स्वतःच्या पायांनी चालत आली होती, याहून अधिक प्रेरणा कोणती असते?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या आधी दोन महिने मी आणि माझे दोन जुने विद्यार्थी एकत्र बसलो आणि तयारी केली. लहान मुलांसाठी फोमचे हलके भाले मिळतात, ते घेतले. टेनिसचे जुने चेंडू गोळा केले. मैदानाचे तीन भाग पाडले. एका भागात चेंडूफेक, दुसऱ्यात उड्या आणि धावणे, तिसऱ्यात फोमचे भाले. रांगेत चारपेक्षा अधिक मुले उभी राहू द्यायची नाहीत, हा एकच नियम आम्ही स्वतःला घातला. अंतर मोजायचे, पण प्रत्येकाचे त्याच्या स्वतःच्याच मागच्या अंतराशी. यावेळी नीरजला ८९.४५ मीटरवर रौप्यपदक मिळाले आणि ९२.९७ मीटर फेकून अर्शद नदीमने सुवर्ण नेले, त्यामुळे गर्दी कमी होईल अशी मला धास्ती होती. आली ती चोवीस मुले. तीन महिन्यांनी त्यांतली तेरा टिकून होती. त्यांतल्या एका मुलीचे मला विशेष कौतुक वाटते. तिला अजूनही लांब फेकता येत नाही, पण ती दर रविवारी सर्वांत आधी येऊन मैदानावर चुन्याच्या रेघा आखायला घेते.

म्हणून आपल्या बैठकीतील वादाबद्दल माझे स्पष्ट मत असे आहे की, पडदा लावायचा असेल तर जरूर लावा, पण ज्या हॉलमध्ये पडदा असेल त्याच हॉलच्या दुसऱ्या टोकाला कोर्ट मोकळे ठेवा, जाळी बांधलेली असू द्या आणि टोपलीत रॅकेट्स असू द्यात. सामना संपल्यानंतरचा अर्धा तास हा नव्या माणसाला मिळवण्याचा सर्वांत चांगला वेळ असतो. त्या वेळी नाव नोंदवून घेऊन पुढच्या महिन्यात कळवतो असे सांगितले, तर ते माणूस गेलेच समजा.

उत्तर ३ : उशिरा धावू लागलेली एक वाचक

मी कोणत्याच खेळात कधी नव्हते. शाळेत खेळाच्या तासाला मी गणवेश विसरल्याचे सांगत असे, म्हणजे पहिल्या उत्तरात ज्यांच्यापर्यंत काही पोहोचत नाही असे म्हटले आहे, त्यांतलीच मी एक. चौपन्नाव्या वर्षी धावू लागले, आता एकसष्टावे चालू आहे. त्यामुळे माझ्यापर्यंत काय पोहोचले, ते सांगते.

एका मॅरेथॉनच्या दिवशी रस्ता बंद असल्यामुळे मला पदपथावर बराच वेळ थांबावे लागले होते. आघाडीचे धावपटू गेले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. ते इतके सहज आणि इतके वेगात गेले की ती माणसे माझ्याच जातीची आहेत असे मला वाटलेच नाही. दीड तासाने गर्दी पांगली, आणि मग खरे लोक येऊ लागले. एक बाई माझ्याच वयाच्या, माझ्याच बांध्याच्या, एका बुटाची नाडी सुटलेली, वाकून ती बांधू की नको या विचारात असलेल्या, माझ्या अगदी समोर थांबल्या. मी न राहवून खाली बसले आणि त्यांची नाडी बांधून दिली. वाकले असते तर पुन्हा उठता आले नसते, असे त्या म्हणाल्या, हसल्या आणि पुढे गेल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. विजेत्याचे नाव मला आजही ठाऊक नाही.

यावरून माझी समजूत अशी झाली आहे की, स्पर्धा मोठी असण्यापेक्षा तिच्यात आपल्यासारखे कोणी दिसणे अधिक महत्त्वाचे आहे. लंडनच्याच बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी पॉल सिंटन-ह्यूइट यांनी पाच किलोमीटरची एक विनाशुल्क धाव सुरू केली. पहिल्या दिवशी धावायला तेरा जण होते. आज पार्करन या नावाने ती वीसहून अधिक देशांत दर आठवड्याला होते, आणि तिच्यामागे कोणताही विश्वविक्रम नाही. तिथे सर्वांच्या मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालत असतो, जेणेकरून धावायला आलेल्या कोणावरही शेवटचा येण्याची वेळ येऊ नये. धाव पूर्ण करण्याचा सरासरी वेळ वर्षागणिक वाढत गेला आहे, आणि आयोजक त्याचा अभिमान बाळगतात, कारण पूर्वी जे आलेच नसते असे सावकाश धावणारे आणि चालणारे लोक आता येतात, एवढाच त्याचा अर्थ आहे. ज्या शहरात एवढे मोठे ऑलिंपिक भरले, त्याच शहरातून ही तेरा जणांची गोष्टही निघाली, हे मला फार बोलके वाटते.

मोठ्या स्पर्धेनेही हे करता येते, असे पॅरिसने दाखवले. १० ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी पुरुषांची ऑलिंपिक मॅरेथॉन झाली, आणि त्याच रात्री ऑलिंपिकचा तोच मार्ग सामान्य धावपटूंसाठी खुला करण्यात आला. मॅरेथॉनसाठी २०,०२४ आणि दहा किलोमीटरसाठी २०,०२४ जागा होत्या. ज्या चढावर सकाळी विजेते दमले होते, त्याच चढावर रात्री आपल्यासारखी माणसे चालत-धावत गेली. एवढे झाले, की पाहणारा आणि खेळणारा यांच्यातली भिंत थोडी तरी खाली येते.

मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताईंना एक सांगावेसे वाटते. सामन्याने की मैत्रिणीने, असे तुम्ही विचारले आहे. मला वाटते, सामन्याने तुम्हाला क्लबाच्या दारापर्यंत नेले होते, आणि त्या चौघांपैकी एकानेही उद्या याल का, असे विचारले असते तर तुमची तीन वर्षे वाचली असती.

उत्तर ४ : क्रीडा-इतिहासाचा एक अभ्यासक

वरील तिन्ही उत्तरांत कारण आणि परिणाम यांचा क्रम गृहीत धरलेला आहे : आधी स्पर्धा, मग खेळणारे. इतिहासात हा क्रम पुष्कळदा उलटा आढळतो.

अमेरिकेत १० जुलै १९९९ रोजी महिलांच्या विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना रोझ बोल मैदानावर झाला, तेव्हा तिथे ९०,१८५ प्रेक्षक होते. या सामन्याने मुलींना फुटबॉलकडे वळवले, असे नेहमी सांगितले जाते. परंतु शिक्षणसंस्थांमध्ये मुलींना समान संधी देणारा कायदा १९७२ मध्येच झाला होता. त्याच्या आदल्या वर्षात तिथल्या माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुलींची संख्या तीन लाखांच्या आत होती. आज ती तीस लाखांच्या पुढे आहे. १९९९ च्या त्या मैदानातली गर्दी मोठ्या प्रमाणात अशा मुलींची आणि त्यांच्या आईवडिलांची होती, ज्या आधीपासूनच शनिवार-रविवार फुटबॉल खेळत होत्या. खेळणाऱ्यांनी स्पर्धा मोठी केली होती, आणि मोठ्या झालेल्या स्पर्धेने मग आणखी खेळणारे दिले.

धावण्याच्या लाटेचेही तसेच आहे. फ्रँक शॉर्टर याने १९७२ मध्ये म्युनिकमध्ये मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले आणि अमेरिका धावू लागली, ही कथा प्रसिद्ध आहे. तिच्यात तथ्य आहे, पण व्यायामासाठी सावकाश धावण्याचा प्रसार तिथे १९६० च्या दशकातच सुरू झाला होता, आणि न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन १९७० मध्येच झाली होती. तिच्यात १२७ जण उतरले आणि ५५ जणांनी ती पूर्ण केली. शॉर्टरचे पदक पडले ते अशा जमिनीवर, जिथे पेरणी झालेली होती.

तरीही मोठ्या स्पर्धेने खरोखर काहीतरी उभे केले, असे एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते, आणि ते १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे आहे. त्या वर्षी व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आले. जपानच्या महिला संघात बहुतेक खेळाडू एका कापडगिरणीच्या संघातल्या होत्या, आणि २३ ऑक्टोबर रोजी त्यांनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक मिळवले. पुढच्या काळात तिथे गृहिणींचे व्हॉलीबॉल पसरले. शाळांच्या पालकसंघांमधून आणि वस्त्यांमधल्या मंडळांमधून संघ उभे राहिले, त्यांनी प्रत्येक बाजूला सहाऐवजी नऊ खेळाडूंचा, जपानमध्ये आधीपासून रूढ असलेला प्रकार घेतला, म्हणजे अधिक बायकांना एका वेळी खेळता आले आणि प्रत्येकीला पळावे लागणारे अंतर कमी झाले. १९७० पासून त्यांची देशपातळीवरची स्पर्धाही सुरू झाली. हे आपोआप घडले नव्हते. क्रीडाप्रसाराचा कायदा १९६१ मध्ये झाला होता आणि मुलांच्या क्रीडामंडळांची देशव्यापी संघटना १९६२ मध्ये, म्हणजे ऑलिंपिकच्या दोन वर्षे आधी, स्थापन झाली होती. स्पर्धा आली तेव्हा तिचे पाणी साठवायला तळी खणलेली होती.

नऊ खेळाडूंच्या त्या निवडीकडे मी पुन्हा लक्ष वेधतो. पदक मिळाले ते सहा जणींच्या खेळात, पण लोकांनी तो जसाच्या तसा उचलला नाही, त्यांनी आपल्या अंगणाच्या मापाचा प्रकार निवडला. दुसऱ्या उत्तरातील प्रशिक्षकांनी फोमचे भाले घेतले, तेही याच जातीचे काम आहे.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. ही उत्तरे मी कालच्या बैठकीत वाचून दाखवली. बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी असे ठरले की, भाड्याचा मोठा पडदा आणायचा नाही. मंडळाकडे आहे तोच दूरदर्शन संच हॉलमध्ये ठेवायचा, एक कोर्ट संपूर्ण काळ नव्या लोकांसाठी राखायचा, आणि रोज दोन जुन्या सभासदांनी स्वतःचा खेळ बाजूला ठेवून फक्त नव्यांबरोबर खेळायचे. या शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत अधिक विरोध झाला, हे मी प्रामाणिकपणे सांगते, कारण संध्याकाळचा तो तास प्रत्येकाला प्रिय असतो. पहिल्या आठवड्याच्या पाळ्या मी आणि मला इथे आणणाऱ्या मैत्रिणीने घेतल्या आहेत.

प्रशिक्षक महोदयांना एक विचारायचे आहे. पुढच्या बैठकीत या प्रयोगाचा हिशेब द्यावा लागेल. नोंद नेमकी कशी ठेवावी?

प्रशिक्षकांचे उत्तर

पहिल्या आठवड्यात किती आले, हा आकडा बैठकीत सांगू नका. तो नेहमीच चांगला दिसतो. वहीत प्रत्येक नव्या माणसाच्या नावापुढे बारा रकाने आखा, एका आठवड्याला एक, आणि जुन्या सभासदांपैकी त्या दिवशी त्याच्याबरोबर कोण खेळले त्याचे नाव त्या रकान्यात लिहा. सलग दोन रकाने रिकामे राहिले, तर ज्याचे नाव शेवटी लिहिलेले असेल त्याने त्या माणसाला फोन करायचा. हिशेब द्यायचा तो बाराव्या आठवड्यानंतर, आणि त्यात आधी कधीच न खेळलेले किती, हे वेगळे सांगा. मी २०२१ मध्ये अशी वही ठेवली नव्हती. त्या तीस मुलांपैकी सव्वीस जणांची नावेसुद्धा आज माझ्याकडे नाहीत.